काउंटर, स्टुडिओ आणि करार: स्टॅक्स रेकॉर्ड्सचं प्रकरण

मे १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या स्टॅक्स रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीकडे स्वतःचा स्टुडिओ होता, हाताशी मुरलेले वादक होते, देशभर नाव होतं. पण आठ वर्षांत त्यांनी बाजारात आणलेल्या गाण्यांच्या मास्टर टेपवर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणांवर, त्यांचा हक्क नव्हता. तो न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्सकडे गेला होता. तीन वर्षांपूर्वी, स्टॅक्सचा संस्थापक जिम स्ट्युअर्ट याच्या स्वतःच्या सहीने गेला होता. आपण कशावर सही करतोय हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं.

भागीदारीत स्वतंत्र लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळापासून वाचावं असं मला फार वाटतं. 'बड्या कंपनीने छोट्याला लुबाडलं' अशी ही गोष्ट सहसा सांगितली जाते. ती खोटी नाही. पण तेवढ्यावर थांबलं, तर शिकण्यासारखं जे आहे ते हातून निसटतं. माझ्या मते गोम भागीदारीच्या आतच होती. दोन भागीदारांनी कामं फार चांगली वाटून घेतली होती. त्यामुळेच जे काम कोणाच्याच वाट्याला आलं नाही, ते इतकी वर्षं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

गहाण पडलेलं घर

जिम स्ट्युअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन ही सख्खी भावंडं, टेनेसी राज्यातल्या मिडलटन या लहानशा गावातली. एस्टेल १९१८ ची, जिम १९३० चा. म्हणजे ताई बारा वर्षांनी मोठी. दोघंही मेम्फिसला आली आणि दोघंही बँकेत लागली: जिम फर्स्ट नॅशनल बँकेत, एस्टेल युनियन प्लांटर्स बँकेत. हे दुसरं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जिम फिडल वाजवायचा, जीव कंट्री संगीतात. १९५७ मध्ये त्याने एका नातलगाच्या गॅरेजमध्ये 'सॅटेलाइट' नावाने लेबल सुरू केलं. सामग्री जेमतेम आणि रेकॉर्डिंग कच्चं. चांगला टेप रेकॉर्डर हवा होता, पण पैसे नव्हते. त्याने ताईला विचारलं. एस्टेलने नवऱ्याची समजूत काढून राहतं घर गहाण टाकलं, आणि त्या पैशातून अँपेक्सचा मोनो रेकॉर्डर आला.

इथे थोडं थांबायला हवं. कोणी पैसे घालणारा, कोणी कान देणारा, अशा जोड्यांनी अनेक लेबलं उभी राहिली. इथे पैसे घालणारी व्यक्ती चाळिशीतली, नोकरी करणारी, मुलाबाळांची बाई होती, आणि तिने घातलं ते डोक्यावरचं छप्पर. पुढे आपल्याला दिसेल की तिचा कानही तितकाच मोलाचा होता. पण सुरुवातीला भागीदारीची मांडणी 'जिमचं लेबल, एस्टेलचे पैसे' अशी झाली, आणि ही मांडणी लोकांच्या डोक्यात फार काळ टिकली. जिमच्याही डोक्यात ती काही अंशी टिकली असावी, असं नंतरच्या घडामोडींवरून वाटतं.

थिएटरची लॉबी

१९६० मध्ये दोघांनी मेम्फिसच्या मॅकलमोर अव्हेन्यूवरचं बंद पडलेलं कॅपिटल थिएटर भाड्याने घेतलं. वस्ती बदलत होती. गोरी कुटुंबं तिथून निघून जात होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला येत होती. थिएटरची जमीन पडद्याच्या दिशेने उतरती होती. ती सपाट करायला पैसे नव्हते, म्हणून तशीच ठेवली. खुर्च्या काढल्या, पडदे टांगले, रंगमंचावर कंट्रोल रूम केली. त्या तिरक्या जमिनीमुळे आणि उंच छतामुळे स्टॅक्सच्या रेकॉर्डिंगना एक वेगळाच मोकळा, भरीव आवाज आला, असं तिथले वादक आणि जाणकार सांगत आले आहेत.

लॉबीत जिथे खाऊ विकायचं काउंटर होतं, तिथे एस्टेलने रेकॉर्डचं दुकान थाटलं: सॅटेलाइट रेकॉर्ड शॉप. सुरुवातीला त्यामागचा विचार साधा होता, भाडं निघावं. पण या दुकानाने लेबल घडवलं, असं मी ठामपणे म्हणेन.

काय चालायचं तिथे? शाळा सुटली की आसपासची मुलं यायची. एस्टेल त्यांना हव्या त्या रेकॉर्ड वाजवून दाखवायची. कुठली विकत घेतात, कुठली नुसती ऐकून ठेवून देतात, कुठल्या ठिकाणी मान डोलते, हे बघायची. घेतलीस तर का घेतलीस, नाही घेतलीस तर का नाही, असं विचारायची. गाणं आत स्टुडिओत तयार झालं की त्याची नमुना प्रत बाहेर काउंटरवर वाजायची. भिंतीच्या एका बाजूला बनवणारे, दुसऱ्या बाजूला विकत घेणारे, आणि मधल्या दारात एस्टेल. वादक तिला आदराने 'लेडी ए' म्हणायचे.

माणसंही याच दारातून आत गेली. स्टीव्ह क्रॉपर काउंटरवर काम करता करता स्टुडिओचा कणा झाला. बुकर टी. जोन्स हा शाळकरी मुलगा दुकानात रेकॉर्ड ऐकायला यायचा. रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात काम करणारा डेव्हिड पोर्टर पुढे आयझॅक हेजच्या जोडीने स्टॅक्सचा सगळ्यात यशस्वी गीतकार झाला. पोर्टरला एस्टेल समोर बसवायची, खपणाऱ्या रेकॉर्ड वाजवायची आणि हे का खपतंय ते त्याच्याकडूनच काढून घ्यायची.

१९६१ चं उदाहरण घ्या. 'लास्ट नाइट' नावाची एक वाद्यधून तयार झाली होती. वाजवणाऱ्यांत एस्टेलचा मुलगा पॅकीही होता. बाकीच्यांना त्या धुनेत काही विशेष वाटेना, पण एस्टेलने काउंटरवर लोकांचं तोंड पाहिलं होतं. ती हटून बसली, भांडली, आणि रेकॉर्ड बाहेर काढायला लावली. ती अमेरिकेच्या पॉप यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. मुलासाठी आई भांडली, असं यावर कोणी म्हणेल. तिच्यासमोर गिऱ्हाइकं रोज ती धून मागत होती, हे त्यावर पुरेसं उत्तर आहे.

त्याच सुमाराला कॅलिफोर्नियात 'सॅटेलाइट' नावाचं आणखी एक लेबल असल्याचं समजलं आणि नाव बदलावं लागलं. स्ट्युअर्टमधलं 'स्ट', ॲक्स्टनमधलं 'ॲक्स', झालं स्टॅक्स. भागीदारी नावातच आली.

कामाची वाटणी आता स्पष्ट होती. स्टुडिओ, आवाज, कलाकार हे जिमकडे. दुकान, गिऱ्हाईक, माणसं जोडणं हे एस्टेलकडे. जिम अबोल आणि काटकसरी, एस्टेल बोलकी आणि मायाळू. दोघंही आपापल्या कामात उत्तम. त्या काळच्या मेम्फिसमध्ये काळे-गोरे एका टेबलावर बसून जेवू शकत नव्हते, आणि इथे बुकर टी. अँड द एमजीज हा काळ्या आणि गोऱ्या वादकांचा संच दररोज एका खोलीत वाजवत होता. १९६२ मध्ये त्यांची 'ग्रीन अनियन्स' गाजली. त्याच वर्षी दुसऱ्या एका वादकाला गाडीतून घेऊन आलेला ओटिस रेडिंग नावाचा तरुण दिवसाच्या शेवटी 'मलाही एक गाणं म्हणू द्या' म्हणाला, आणि स्टॅक्सला त्यांचा सगळ्यात मोठा गायक मिळाला.

या आनंदाच्या काळातली एक गोष्ट मात्र पुढच्या संकटाची चाहूल देणारी होती. सुरुवातीपासून सोबत असलेला ध्वनिमुद्रक चिप्स मोमन १९६२ मध्ये भांडून बाहेर पडला. आपल्याला कंपनीत वाटा कबूल केला होता असं त्याचं म्हणणं होतं. कागदावर काही नव्हतं. मोमनने नंतर मेम्फिसमध्येच अमेरिकन साउंड स्टुडिओ उभा केला, जिथे १९६९ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली रेकॉर्डिंगला आला. एवढ्या ताकदीचा माणूस तोंडी शब्दावरून गेला, तेव्हाच दोघांनी बसून विचारायला हवं होतं: आपल्याकडे आणखी काय काय नुसतं तोंडी आहे?

न्यूयॉर्कचा मित्र

सगळ्यात मोठी तोंडी गोष्ट होती अटलांटिक.

१९६० मध्ये रुफस थॉमस आणि त्याची मुलगी कार्ला यांचं एक युगुलगीत मेम्फिसच्या परिसरात चांगलं खपलं. अटलांटिकचा एक भागीदार जेरी वेक्सलर याच्या कानावर ते गेलं. त्याने आगाऊ रक्कम देऊन ते देशभर विकायला घेतलं. पाठोपाठ कार्लाचं 'जी व्हिझ' आलं आणि १९६१ च्या सुरुवातीला ते पॉप यादीत पहिल्या दहांत गेलं. तिथून पुढे स्टॅक्सने रेकॉर्ड करायचं आणि अटलांटिकने तबकड्या दाबून देशभर पोचवायच्या, असा रिवाज पडला. व्यवहार हातमिळवणीवर होता. कराराच्या व्याप्तीबद्दलही दोघांची समजूत वेगळी होती. जिमला वाटत होतं की बोलणं रुफस-कार्लापुरतं आहे. वेक्सलर धरून चालला होता की सगळं स्टॅक्स आपलं.

छोट्या लेबलला मोठा वितरक का लागतो, हे नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर जिम भोळा होता एवढंच मनात राहतं. तबकडी दाबण्याचे पैसे कारखान्याला आधी द्यावे लागत. ती दुकानात गेली की गावोगावचे घाऊक विक्रेते दोन-तीन महिन्यांनी पैसे देणार, तेही पुढचं हिट गाणं हातात असेल तर. न खपलेला माल परत येणार तो वेगळाच. त्यामुळे एखादं गाणं तुफान चाललं की छोटं लेबल बुडण्याचा धोका वाढायचा. मागणी लाखाची, खिशात पैसे दहा हजार तबकड्यांचे, आणि वसुली पुढच्या मोसमात. अटलांटिकने हे ओझं उचललं. शिवाय वेक्सलर गाणं समजणारा माणूस होता. आपले गायक तो मेम्फिसला रेकॉर्डिंगला आणायचा. विल्सन पिकेट असा आला. सॅम अँड डेव्ह ही जोडी अटलांटिकच्या करारातली, ती त्याने स्टॅक्सकडे जणू उसनी दिली. जिमचा त्याच्यावर विश्वास बसला, आणि तो बसावा असंच वेक्सलरचं वागणं होतं.

मे १९६५

हा व्यवहार अखेर १९६५ मध्ये कागदावर आला. त्यामागचं कारण जिमच्या शहाणपणाचं आहे. अटलांटिक विकली जाणार अशा चर्चा होत्या. वेक्सलर गेला तर आपण कोणा अनोळखी माणसाच्या हाती पडू, ही भीती जिमला होती. म्हणून त्याने लेखी करार मागितला आणि त्यात एक अट घालून घेतली: वेक्सलर अटलांटिकमधला आपला हिस्सा सोडेल तर स्टॅक्सला करार मोडण्याची मुभा. धंद्यात याला 'की-मॅन' कलम म्हणतात. कलम चांगलं होतं, आणि पुढे ते उपयोगीही पडलं.

पण त्याच करारात आणखी एक कलम होतं. अटलांटिकने वितरित केलेल्या स्टॅक्सच्या मास्टर रेकॉर्डिंगची संपूर्ण मालकी, त्यांच्या प्रती काढण्याच्या हक्कासकट, अटलांटिककडे जाते. मुदत नाही, परतीची अट नाही. करार मोडला तरी मालकी तिकडेच.

जिमने वकिलाला न दाखवता सही केली.

बँकेतला माणूस हा. कर्जाच्या कागदावरची बारीक अक्षरं काय करू शकतात हे त्याला रोजच्या कामातून ठाऊक होतं. एस्टेलचंही तेच, शिवाय तिने स्वतःचं घर गहाण टाकलेलं. मग हे झालं कसं? माझं उत्तर असं. जिमला ज्या एका गोष्टीची भीती होती, तिचा बंदोबस्त करारात होता. तो त्याने वाचला, समाधान झालं, आणि उरलेला कागद वेक्सलरच्या मैत्रीवर सोडला. एस्टेल त्या खोलीतच नव्हती. अटलांटिकशी बोलणं हा 'स्टुडिओकडचा' विषय, म्हणजे जिमचा, असं वर्षानुवर्षं ठरून गेलं होतं. कंपनीतला निम्म्या हिश्शाचा भागीदार कंपनीचा सगळ्यात मोठा करार न वाचता बाजूला राहतो, आणि ते दोघांपैकी कोणालाही खटकत नाही. या प्रकरणातली सगळ्यात गंभीर गोष्ट मला ही वाटते. करार कोण वाचणार, हे काम ना काउंटरचं होतं ना स्टुडिओचं.

वेक्सलर नंतर आयुष्यभर सांगत राहिला की ते कलम कंपनीच्या वकिलांनी घातलं, त्याला स्वतःला माहीत नव्हतं. खरं असेल. तसं असेल तर सही करणारे दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांवरच्या विश्वासावर चालले होते, आणि कागद मात्र न्यूयॉर्कच्या वकिलांनी आपल्या अशिलाच्या हिताने लिहिला होता. वकिलाने तेच करायचं असतं. स्टॅक्सच्या बाजूने तसा कोणी बसलाच नव्हता.

आपल्याकडे कायद्याने याबाबत थोडा आधार दिला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. पण हा आधार कागद गप्प असेल तेवढाच. 'कायमस्वरूपी, जगभरासाठी' असं एकदा कागदावर आलं आणि खाली सही झाली, की या तरतुदी तुमच्या मदतीला येत नाहीत. आज वितरणासाठी कोणत्याही कंपनीशी करार करताना, हक्क वापरायला देतोय की मालकीच देतोय, एवढा एकच प्रश्न दोन्ही भागीदारांनी वेगवेगळं बसून तपासला तरी पुष्कळ झालं.

सहा महिन्यांत सगळं

१९६७ च्या अखेरीला वॉर्नर ब्रदर्स-सेव्हन आर्ट्सने अटलांटिक १ कोटी ७५ लाख डॉलरला विकत घेतली. वेक्सलरने हिस्सा विकला आणि जिमचं कलम जागं झालं.

त्याच डिसेंबरच्या १० तारखेला ओटिस रेडिंगचं विमान विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळच्या मोनोना तळ्यात कोसळलं. ओटिस गेला, सोबत बार-केज या तरुण वादकसंचातले चौघं गेले. ओटिस सव्वीस वर्षांचा होता, ती मुलं तर विशीच्या आसपासची. मरणाच्या काही दिवस आधी रेकॉर्ड केलेलं त्याचं 'डॉक ऑफ द बे' क्रॉपरने दुःखातच पुरं केलं आणि ते देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या मेम्फिसच्या लोरेन मोटेलमध्ये झाली. स्टॅक्सची मंडळी तिथे कायम उतरत, क्रॉपरने पिकेट आणि एडी फ्लॉइडबरोबर तिथेच बसून गाणी लिहिली होती.

अशा महिन्यांत वाटाघाटी चालल्या होत्या. नव्या मालकांनी स्टॅक्सपुढे ठेवलेला प्रस्ताव जिमला अपमान वाटावा इतका कमी होता. त्याने ठरवलं, करार मोडायचा. मग कागद बाहेर निघाला, आणि त्यातलं ते कलम. ओटिस गेला होता, आणि आता ओटिसच्या टेपही गेल्या. सॅम अँड डेव्ह अटलांटिककडे परत गेले. कार्ला, रुफस, बुकर टी. यांची जुनी सगळी गाणी गेली.

लेबलच्या धंद्यात जुन्या गाण्यांचा साठा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. नवं गाणं म्हणजे खर्च. जुनं गाणं एकदा रेकॉर्ड होऊन गेलेलं, त्यावर पुन्हा खर्च नाही. ते पुन्हा छापलं जातं, संकलनात येतं, सिनेमात जातं, दर वर्षी थोडं थोडं देत राहतं. पाच नवी गाणी पडली तरी या उत्पन्नावर पगार निघतात. बँकेकडे तारण ठेवायलाही तेच. एक गोष्ट स्टॅक्सकडे राहिली: गीतांचे प्रकाशनहक्क, ईस्ट मेम्फिस म्युझिक या त्यांच्या कंपनीत. कारण गाण्याची रचना आणि गाण्याचं ध्वनिमुद्रण हे कायद्याने दोन वेगळे हक्क आहेत, आणि करार ध्वनिमुद्रणाचा होता.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सचं. तिथे संगीत कलाकारांच्याच मालकीचं राहील असं लेबलने लिहून दिलं होतं. १९९२ मध्ये फॅक्टरी बुडायला आली तेव्हा विकत घ्यायला आलेल्या लंडन रेकॉर्ड्सच्या लक्षात आलं की इथे विकत घेण्यासारखं फारसं काही नाही. तत्त्व म्हणून मला फॅक्टरीचा बाणा मनापासून आवडतो. पण तो ठरवून घेतलेला निर्णय होता, त्याची किंमत मोजावी लागेल हे त्यांना ठाऊक असू शकत होतं. स्टॅक्सचं तसं नव्हतं.

साठा परत उभा करताना

मे १९६८ मध्येच स्टॅक्स गल्फ अँड वेस्टर्न या बलाढ्य उद्योगसमूहाला विकलं गेलं. मोबदला मुख्यतः समूहाच्या कागदपत्रांत, म्हणजे शेअरसारख्या रूपात. कारभार जिम, एस्टेल आणि १९६५ मध्ये प्रसिद्धीसाठी आणलेला अल बेल यांच्याकडे राहिला. बेल पूर्वी रेडिओवर होता, उंचापुरा, बोलण्यात जबरदस्त. साठा गेला तर नवा उभा करायचा, तोही एका झटक्यात, असं त्याने ठरवलं. १९६९ च्या मध्यापर्यंत २७ एलपी (पूर्ण अल्बम) आणि ३० सिंगल (एकेका गाण्याच्या तबकड्या) एकदम बाजारात आणायचा घाट घातला.

धाडस मोठं होतं आणि त्यातून एक विलक्षण गोष्ट निघाली. इतक्या एलपी हव्या होत्या की आयझॅक हेजला 'तुला हवं ते कर' म्हणून मोकळीक मिळाली. 'हॉट बटर्ड सोल' मध्ये फक्त चार गाणी, त्यातलं एक अठरा मिनिटांच्या वर. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. पण इतका माल एकाच स्टुडिओत निघणं शक्य नव्हतं. काम इतर शहरांत जाऊ लागलं, घरच्या वादकांचा संच विस्कटला. काउंटरवर आधी वाजवून बघायचं, मग काढायचं, ही रीत या वेगात बसणारी नव्हती. दुकान तोवर लॉबीतून बाहेर हललं होतं.

बेल आणि एस्टेलचं पटेना. जिमला निवड करावी लागली आणि त्याने बेलची बाजू घेतली. १९६९ मध्ये एस्टेल बाहेर पडली, हिश्श्याचे पैसे घेऊन आणि काही वर्षं याच धंद्यात न उतरण्याच्या अटीवर. बेलची दृष्टी खोटी नव्हती. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये त्याने एका डॉलरच्या तिकिटावर संगीताच्या जलशाला लाखभर लोक जमवले, ते स्टॅक्सचं नाव आजही घ्यायला लावणारं काम आहे. तरी एस्टेलला जाऊ देणं ही मला १९६५ च्या सहीइतकीच मोठी हानी वाटते. गाणी गेली तरी ती कशी सापडतात हे माहीत असलेली व्यक्ती घरात होती. तिच्याऐवजी आता मोठ्या कंपन्यांचं कर्ज आलं.

पुढचं थोडक्यात. १९७० मध्ये जिम आणि बेलने परदेशी कंपनीचं कर्ज काढून स्टॅक्स गल्फ अँड वेस्टर्नकडून परत घेतलं. १९७२ मध्ये सीबीएस या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी वितरणाचा करार झाला, त्यातल्या पैशातून बेलने जिमचा हिस्सा विकत घ्यायला घेतला. करार सीबीएसच्या रेकॉर्ड विभागाचा प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस याच्या भरवशावर होता. १९७३ मध्ये डेव्हिसची नोकरी गेली आणि सीबीएसचा रस आटला. म्हणजे वेक्सलरच्या बाबतीत जे झालं तेच पुन्हा, फक्त या वेळी बाहेर पडायचं दार नव्हतं. माल दुकानांत पोचेना, पैसे अडकले, बँकेकडचं कर्ज वाढलं. ती बँक युनियन प्लांटर्स, जिथे एस्टेल नोकरी करत होती तीच. जिमने शेवटी कंपनी वाचवायला आपली खासगी मालमत्ताही डावाला लावली आणि ती गमावली. डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने मॅकलमोर अव्हेन्यूवरच्या दाराला कुलूप लागलं. प्रकाशनहक्कही बँकेने ताब्यात घेतले.

एस्टेलने धंद्याबाहेर राहण्याची अट संपल्यावर मेम्फिसमध्येच फ्रेटोन नावाचं छोटं लेबल काढलं. १९७६ मध्ये तिथल्या एका रेडिओ निवेदकाचं 'डिस्को डक' हे गमतीचं गाणं तिने बाहेर काढलं. मोठ्या आरएसओ कंपनीने ते देशभर नेलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. स्टॅक्स बंद होऊन वर्षही झालं नव्हतं.

थिएटरची इमारत १९८९ मध्ये पाडली गेली. त्याच जागी २००३ मध्ये स्टॅक्सचं संग्रहालय उभं राहिलं. एस्टेल २००४ मध्ये गेली, जिम २०२२ मध्ये. मे १९६८ च्या आधीची स्टॅक्सची रेकॉर्डिंग आजही अटलांटिकमार्फत वॉर्नरकडे आहेत. नंतरची फँटसी रेकॉर्ड्समार्फत कॉनकॉर्डकडे गेली, आणि स्टॅक्स हे नावही त्यांच्याकडेच आहे. ओटिस रेडिंगपासून आयझॅक हेजपर्यंतचं एकत्र संकलन काढायचं तर आजही दोन कंपन्यांची परवानगी लागते.